एकाच घरून एकोणतीस फोन

बाळ टिपणीस पहिल्यांदा पडले ते बाथरूमच्या दारात, पायपुसणं सरकून. हाड मोडलं नाही, डोकं आपटलं नाही, पण उठता येईना. दोन्ही गुडघे बदललेले, तळव्यांना धड संवेदना नाही, आणि हाताशी धरायला काही नाही. नीला असती तर तिने खुर्ची सरकवून दिली असती आणि वर चार शब्दही सुनावले असते. नीलाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्यांच्या गळ्यात एक बटण होतं. मुलीने, अंतराने, टेक्ससहून पाठवलेलं. ती प्लेनोला राहायची, दर रविवारी फोन करायची, आणि फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "बाबा, आर यू वेअरिंग इट?" ते बटण टिपणीसांनी त्या दिवशी पहिल्यांदा दाबलं. कुठल्याशा ऑफिसातली बाई बोलली, तिने नाइन-वन-वनला कळवलं, आणि दहा मिनिटांत रेस्क्यू स्क्वॉडची गाडी दारात आली.

पिस्कॅटवेपासून वीसेक मिनिटांवरचं ते लहानसं गाव. तिथल्या अॅम्ब्युलन्सवर पगारी माणसं नव्हती. गावातलेच लोक आपापलं काम सांभाळून फुकट ड्यूटी करायचे. त्या दिवशी आलेल्या बाईचं नाव डोना. पन्नाशी ओलांडलेली, पाठीवर करडी वेणी, दंड पैलवानासारखे. एरवी ती शाळेची बस चालवायची. तिने आणि तिच्या जोडीदाराने टिपणीसांच्या काखेत हात घालून "वन, टू, थ्री" म्हटलं आणि त्यांना अल्लद खुर्चीत बसवलं. मग ती फॉर्म काढून समोर बसली.

"नाव सांगा."

"बाळ टिपणीस."

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"महिना?"

"सप्टेंबर. आमच्याकडे भाद्रपद."

डोनाने पेन थांबवलं. "ते काय असतं?"

टिपणीसांनी सांगितलं. चंद्र कसा मोजतात, अधिक महिना का येतो, सगळं. चाळीस वर्षं केमिकल इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस. समजावून सांगायची सवय होती. डोना खरंच ऐकत होती. जाताना म्हणाली, "मिस्टर बाल, यू आर ओरिएंटेड टाइम्स टू." म्हणजे दुप्पट भानावर. डोकं ठिकाणावर आहे ना, एवढंच त्या प्रश्नांतून बघायचं असतं हे टिपणीसांना कळत होतं. पण गाडी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गेल्या सोमवारपासून त्यांना कुणी कुठलाच प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतर ते पडत राहिले. कधी अंगणातल्या पायरीवर, कधी पलंगाच्या कडेवरून, एकदा तर देवाला फूल वाहताना. दर वेळी बटण, दर वेळी गाडी. डोनाची ड्यूटी असली की ती पाच मिनिटं जास्त थांबायची. तिला कळलं की हे मुंबईचे, एकाहत्तर साली आले, बायको शाळेत गणित शिकवायची, मुलगी हुशार आहे पण कामात असते. टिपणीसांनाही कळलं की डोनाचा घटस्फोट झालाय, तिच्या बसमधली मुलं तिला घाबरतात, आणि स्क्वॉडमध्ये पूर्वी चाळीस माणसं होती ती आता नऊ उरली आहेत.

आणि मग एका दुपारी ते पडले नाहीत. बसले.

सहा दिवस कुणाशी बोलणं झालं नव्हतं. दुकानातल्या मशीनने "थँक यू" म्हटलं होतं, तेवढंच. ते दिवाणखान्यात उभे होते. सोफ्याचा हात धरून ते हळूहळू खाली आले, गालिच्यावर टेकले, पाय लांब केले आणि बटण दाबलं. गाडी येईपर्यंत ते चोरी करणाऱ्यासारखे दाराकडे कान देऊन होते. डोना आली. "वन, टू, थ्री." मग फॉर्म, मग वार कोणता.

असं त्यांनी तीन वेळा केलं. वर्षभरात तीनच वेळा. बाकीच्या वेळी ते खरोखर पडले होते, हे ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला फायरहाउसमध्ये गावाची सभा होती. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर एक प्रश्न येणार होता, क्वेश्चन टू: पगारी अॅम्ब्युलन्स चोवीस तास ठेवण्यासाठी घरपट्टी वाढवायची की नाही. टिपणीसांना सभेला घेऊन गेला प्रताप निंबाळकर. बायको रुपालीबरोबर सात मिनिटांवर राहणारा, चाळीस वर्षांपासूनचा मित्र, टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला. संध्याकाळी टिपणीस गाडी चालवत नसत. प्रतापच्या अंगणात ‘व्होट नो’ची पाटी आधीच लागली होती.

स्क्वॉडच्या कॅप्टनने पडद्यावर आकडे दाखवले. किती कॉल येतात, किती वेळा गाडीच निघू शकत नाही, शेजारच्या गावाची गाडी यायला किती वेळ लागतो. मग तो म्हणाला, "आता हे पाहा. वर्षभरात एका पत्त्यावरून, फक्त एका घरून, एकोणतीस कॉल. उचलून बसवण्यासाठी. नाव सांगणार नाही, आणि त्या माणसाला दोषही देत नाही. पण आमच्याकडे माणसं नऊ आहेत."

मागून कुणीतरी शीळ घातली. काही लोक हसले.

 टिपणीसांनी मनातल्या मनात मोजायला घेतलं आणि सतरापाशी सोडून दिलं.

मग तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तरुण, केस घाईने बांधलेले. जूनमधल्या एका शनिवारी तिच्या आठ वर्षांच्या मुलीला मधमाशी चावली, घसा सुजला, श्वास लागेना. गाडी यायला एकोणीस मिनिटं लागली. "कारण तुमची गाडी कुणालातरी उचलून बसवायला गेली होती," ती म्हणाली. "माझी मुलगी वाचली. शेजारणीकडे इंजेक्शन होतं म्हणून वाचली. मी येस देणार आहे." आणि ती खाली बसली. या वेळी कुणी हसलं नाही.

जूनमधला शनिवार. टिपणीसांना तो शनिवार चांगला आठवत होता. अंतरा दोन दिवसांसाठी येणार होती आणि सकाळी तिचा मेसेज आला होता, ट्रिप कॅन्सल केली, काम आलंय. तिच्यासाठी केलेली साबुदाण्याची खिचडी त्यांनी झाकून ठेवली, आणि दुपारी अडीचच्या सुमारास सोफ्याचा हात धरून ते खाली बसले.

परतताना गाडीत प्रताप तापलेला होता. "आपली पोरं शिकून गेली, तरी शाळेचा टॅक्स आपण भरतोच ना? आता हे वर. पेन्शनीत राहणाऱ्यांनी काय, घरं विकायची? आणि तो एकोणतीसवाला! कोण आहे यार हा? पोरं नाहीत का त्याला? ठेवा म्हणावं कुठेतरी होममध्ये."

"असेल कुणीतरी," टिपणीस म्हणाले.

"असेल काय असेल! त्याच्या पायी ती पोरगी जात होती."

टिपणीस खिडकीबाहेर बघत राहिले. प्रतापने त्यांना दारापर्यंत सोडलं, दिवा लागेपर्यंत गाडी थांबवली, आणि हात हलवून गेला. प्रताप तसा होता. बोलायला फटकळ, पण दिवा लागल्याशिवाय हलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी टिपणीसांनी टपालाने आलेली मतपत्रिका उघडली. क्वेश्चन टूसमोरचा ‘नो’चा गोल त्यांनी काळ्या पेनाने भरला, नीट, कडेबाहेर न जाता. घरपट्टीचा विचार त्यांच्या मनात आलासुद्धा नाही. आपल्यासारख्या माणसाला उचलायला गावाने माणसं ठेवावीत, एवढी आपली लायकी नाही, असं काहीसं वाटत होतं. पाकीट त्यांनी स्वतः पेटीपर्यंत चालत जाऊन टाकलं. आणि ठरवलं की आता बटण दाबायचं नाही.

तीन आठवडे निभलं. ते भिंतीला धरून चालत, अंघोळ एक दिवसाआड करत. चौथ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी अकरा वाजता, कपडे धुवायच्या खोलीत मोजा उचलायला ते वाकले आणि डाव्या कुशीवर धाडकन कोसळले. या वेळी वेगळं होतं. मांडीत कळ उठली ती थेट पाठीपर्यंत गेली. मशीन आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते अडकले होते. बटण छातीवर होतं. त्यांनी ते मुठीत धरलं आणि धरूनच ठेवलं.

मशीनने कपडे धुतले, पिळले आणि शिट्टी वाजवून ते थांबलं. बाहेर कुणाच्यातरी अंगणात पानं उडवायचं यंत्र घरघरत होतं, तेही थांबलं. तास गेला, दुसरा गेला. जे व्हायचं ते कपड्यांतच झालं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. आत्ता या घटकेला कुठेतरी एखाद्या पोरीला मधमाशी चावत असेल, हे एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

दोन वाजता खिशातला फोन वाजला. प्रताप.

"काय रे, काय करतोयस?"

टिपणीसांना खरं सांगवेना आणि खोटंही सुचेना. "जरा पडलोय," ते म्हणाले.

"पड, पड. जेवण जास्त झालं वाटतं. शनिवारी पत्त्यांना येतोयस ना?"

"बघू."

"बघू काय बघू! ये. रुपाली थालीपीठ करणार आहे. चल, पड तू, ठेवतो."

फोन बंद झाला. टिपणीस त्याच्या काळ्या काचेकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं, आणि हसताना मांडीत अशी कळ आली की डोळ्यांत पाणी तरारलं. ते पाणी काही थांबेना. दहा मिनिटांनी त्यांनी प्रतापला फोन लावला.

"प्रताप, मी पडलोय."

"हो, सांगितलंस की मघाशी."

"तसं नाही. पडलोय. खाली. अकरा वाजल्यापासून."

 पलीकडे गाडीच्या किल्ल्या खळखळल्या.

प्रतापकडे या घराची किल्ली होती. तो धापा टाकत आत आला, खोलीच्या दारात थबकला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की वास त्याला आलाय.  त्याने कोट काढला आणि टिपणीसांच्या काखेत हात घातला. टिपणीस ओरडले. प्रतापची स्वतःची पाठ ऑपरेशनची. दुसऱ्यांदा प्रयत्न केल्यावर तोच भिंतीला टेकला.

"बटण काय शोभेला घातलंयस?" म्हणत त्याने नाइन-वन-वन लावला. गावाची गाडी एका पेशंटला घेऊन हॉस्पिटलकडे गेली होती. दुसरी गाडी होती, पण ती चालवायला त्या वेळी माणूस नव्हता. शेजारच्या गावाची येत होती, अर्धा तास तरी लागेल. प्रतापने ड्रायरमधून टॉवेल काढले, टिपणीसांच्या अंगावर घातले, एक डोक्याखाली सारला. मग मशीनला धरून, कण्हत कण्हत, तो त्यांच्याशेजारी फरशीवर बसला.

"आता मलाही उठता येणार नाही," तो म्हणाला. "तीन तास! अरे, दाबायचं ना ते!"

"प्रताप, तो माणूस मी."

"कोण माणूस?"

"एकोणतीसवाला. तो पत्ता माझा."

प्रतापने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. समोरच्या फळीवर साबणाची खोकी होती, तो ती बघत बसला.

"आणि ती मधमाशीवाली मुलगी," टिपणीस म्हणाले, "त्या शनिवारी मी पडलो नव्हतो. बसलो होतो."

"बसला होतास म्हणजे?"

"आपणहून खाली बसलो. आणि बटण दाबलं."

"का?"

"बोलायला कुणी नव्हतं."

प्रतापने सरकलेला टॉवेल त्यांच्या अंगावर ओढला. "मी सात मिनिटांवर राहतो, बाळ."

"माहितीये."

"मग?"

  नीला गेल्यावर प्रताप आणि रुपाली महिनाभर रोज डबा घेऊन येत होते. मग दोन दिवसांआड, मग शनिवारी पत्ते, मग महिन्यातून एकदा पत्ते. यात कुणाची चूक नव्हती. आणि "मला एकटं वाटतंय" असं प्रतापला फोन करून म्हणायचं, हे टिपणीसांच्या जिभेवर कधी आलंच नसतं. त्यापेक्षा पडणं सोपं होतं.

"अंधारच आहे इथे," म्हणून प्रतापने हात लांब करून कोपऱ्यातल्या झाडूच्या दांड्याने दिव्याचं बटण वर केलं. पुढची वीस मिनिटं दोघं तसेच होते. प्रतापचा हात टिपणीसांच्या खांद्यावर होता, थोडा अवघडलेला, कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. अंतरा विमानाने आली, चार दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसली, दोनदा रडली, एकदा चिडून म्हणाली, "व्हाय डिडन्ट यू प्रेस इट, बाबा?" टिपणीसांना तिला ते शनिवारचं सांगता आलं नाही. प्लेनोला चला म्हणून ती मागे लागली, आणि टिपणीसांनी वसंतात बघू म्हटलं. तिने फारसा आग्रह धरला नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

मतदान झालं तेव्हा ते रिहॅबमध्ये पुन्हा चालायला शिकत होते. क्वेश्चन टू बावीस मतांनी पडला.

बातमी प्रतापने आणली. "पाटी रुपालीने काढली होती," तो म्हणाला. "तुझं ऐकलं आणि त्याच संध्याकाळी उपटून गॅरेजमध्ये टाकली."

"आणि मत?"

"मत माझं मी दिलं." त्याने आणलेली संत्री टेबलावर मांडायला घेतली. "मला ते परवडत नाही, बाळ. तुला उचलायला मी येईन. केव्हाही येईन. पण ते परवडत नाही, हेही खरंच आहे." टिपणीसांनी मान हलवली. आपलं मत काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

डिसेंबरात ते वॉकर घेऊन घरी आले. जानेवारीत स्क्वॉड बंद झाली. टाउनशिपने, म्हणजे गावाच्या पालिकेने, शेजारच्या गावाशी करार केला. आणि त्याच महिन्यात, एका सकाळी, दोन बसफेऱ्यांच्या मधल्या वेळात डोना दारात उभी राहिली. गणवेश नव्हता. हातात केळ्याचा केक होता, स्वतः केलेला, एका बाजूने करपलेला.

टिपणीसांनी आलं घालून चहा केला. वॉकरमुळे कप एकेक करून आणावे लागले. डोना मदतीला उठली नाही, त्यांचं त्यांना करू दिलं. तिने कप ओठाला लावल्यावर ते म्हणाले, "मी नो दिलं होतं."

"का?"

"लाज वाटत होती."

तिने कप खाली ठेवला. त्यांनी मग तिला सगळं सांगितलं. सोफ्याचा हात, तीन वेळा, जूनमधला शनिवार. त्यांनी काही गाळलं नाही.

"मला माहीत होतं," डोना म्हणाली. "पडलेल्या माणसाचा चष्मा घडी करून टेबलावर ठेवलेला नसतो."

टिपणीसांचा हात चष्म्याकडे गेला. "मग बोलला का नाहीत?"

"फॉर्मवर तसा रकाना नाही." तिने केकचा करपलेला तुकडा बाजूला काढला. "त्या शनिवारी आमच्याकडे दोन गाड्या होत्या आणि माणसं एकाच गाडीपुरती. ती तुमची चूक नाही." मग ती म्हणाली, "थोडी तुमचीही आहे."

त्यांना ते ऐकून बरं वाटलं. आतापर्यंत कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. डोना चहा संपेपर्यंत बसली, पुन्हा येईन म्हणाली, आणि मार्चमध्ये एकदा आलीही. त्यानंतर तिला पेनसिल्व्हेनियात बहिणीजवळ नोकरी मिळाली. मधमाशी चावलेल्या मुलीची आई मात्र टिपणीसांना एकदा दुकानात दिसली, मुलगी सामानाच्या गाडीला धरून उड्या मारत होती. ते वॉकर वळवून दुसऱ्या रांगेत गेले, आणि ती माणसं बाहेर पडेपर्यंत डाळींच्या डब्यांवरची अक्षरं वाचत उभे राहिले.

प्रताप आता रोज सकाळी नऊला फोन करायचा. तीन मिनिटं. पाठ, हवा, क्रिकेट. कधी विसरायचा, मग दुपारी चुकल्यासारखा करायचा. दिवसाचे उरलेले तास टिपणीसांचे त्यांनाच काढावे लागत.

एप्रिलच्या अखेरीस, शनिवारी चारच्या सुमाराला, गॅरेजच्या दारात वॉकरचं चाक उंबऱ्याला अडलं आणि ते पुन्हा खाली आले. दुखलं नाही फारसं. त्यांनी लगेच बटण दाबलं. बटणाच्या ऑफिसातल्या बाईने सांगितलं, पंचवीस मिनिटं लागतील. मग त्यांनी प्रतापला फोन लावला.

प्रताप आयसेलिनला होता, ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात, हापूसच्या पेट्यांसमोर. "मी निघतो," तो म्हणाला.

"नको, तुझ्या आधी गाडी येईल. पण ठेवू नकोस."

"बरं," प्रताप म्हणाला.  "पेटी घेऊ का तुझ्यासाठी?"

"घे. वास घेऊन घे."

फोन छातीवर ठेवून टिपणीस गॅरेजच्या थंड फरशीवर पडून राहिले. तिकडे कुणी कोथिंबिरीची जुडी मागत होतं, कुणाचं मूल रडत होतं. प्रताप दुकानदाराला सांगत होता की वरच्या थराला पिकलेले आणि खाली हिरवे हे चालणार नाही, सगळी पेटी उघडून दाखव. दुकानदार नाही म्हणत होता. गाडीचा आवाज आला, अनोळखी पावलं आली, कुणीतरी वाकून त्यांचं नाव विचारलं. फोनमध्ये प्रताप अजून भांडत होता.